कप्तानांच्या तोंडचा आवाज

४ फेब्रुवारी

आज दिवसभर मेले. सकाळी सात वेळा चिखलात, चार वेळा दगडांवर, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा खेचरासकट दरीत. खेचर म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या आणि माझी जुनी चामडी पर्स. दरी म्हणजे स्टुडिओतला खडीचा ट्रे. पडद्यावर माणसं पडतात, धावतात, मरतात आणि त्यांचे आवाज अंधाऱ्या खोलीत मी करते. सत्तावीस वर्षं हाच धंदा. कंबर कामातून गेली, पण एवढी मोठी लढाई अजून वाट्याला आली नव्हती.

सिनेमा कप्तानांचा आहे. देशाचे प्रमुख होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, तरी लोक त्यांना कप्तानच म्हणतात आणि त्यांनाही तेच आवडतं. एकोणीस वर्षांपूर्वीच्या लढाईत त्यांच्या खांद्याला गोळी लागली, तशाही अवस्थेत त्यांनी टेकडी राखली, मग पुस्तक लिहिलं. पुस्तक शाळेला लागलं, आणि ते वाचलेली पोरं मतदार होईपर्यंत कप्तान प्रमुख झाले. आता निवडणूक तोंडावर आहे, सरहद्दीवर पुन्हा कुरबूर सुरू आहे, म्हणून माहिती खात्याला हा सिनेमा एप्रिलच्या आत हवाय. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, ह्या सिनेमाने तुमचं नाव होईल." माझं नाव पडद्यावर येतं ते शेवटच्या पाट्यांत, लोक चपला शोधत उठतात तेव्हा.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हेही त्याच लढाईत होते, दुसऱ्या आघाडीवर, साधे शिपाई. आता ग्रंथालयात पुस्तकं बांधतात. कप्तानांचं पुस्तक सगळ्यात जास्त फाटतं, त्यामुळे त्याच्या शंभरेक प्रती तरी ह्यांच्या हाताखालून गेल्या असतील.

"कसं आहे हो ते पुस्तक?" मी विचारलं.

"शुद्धलेखन चांगलं आहे," हे म्हणाले. मग दाभणात दोरा ओवता ओवता म्हणाले, "त्यात कुणाला हगवण लागत नाही."

९ फेब्रुवारी

बाहेर आवाजावर पोट भरायचं आणि घरात आवाज होऊ द्यायचा नाही, असा माझा संसार. नणंद गमतीने म्हणते, "वहिनी, तुमच्या घरात मांजरसुद्धा परवानगी काढून चालत असेल."

लग्नाला सोळा वर्षं झाली. दाराची घंटी मी पहिल्याच महिन्यात काढली. खणांना, कपाटांना, आतल्या दाराच्या चौकटीला फेल्टच्या मऊ पट्ट्या लावल्या. कुकरची शिटी माझ्या घरात वाजत नाही. डाळ उघड्या पातेल्यात शिजते, शिजेल तेव्हा शिजते. एवढं करूनही वर्षातून दोनतीनदा काहीतरी पडतंच, आणि मग ह्यांच्या तोंडून तो आवाज निघतो.

ती किंकाळी नव्हे. श्वास एकदम आत ओढला जातो, अर्ध्यावर अडतो, घशात काहीतरी बारीकसं मोडल्यासारखं होतं आणि शेवटी नाकातून एक "अं" येतो, लहान मुलाने झोपेत हुंकार द्यावा तसा. मग हे दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवतात आणि बघत बसतात. मी कधी काही विचारलं नाही. आपलं माणूस आहे, खपली कशाला काढायची?

पण खरं ते लिहायला हवं. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी हातातलं टाकून धावले होते, आणि त्याच क्षणी मनात हेही आलं होतं की असा आवाज मला कधी करता येणार नाही.

१७ फेब्रुवारी

कप्तानांना गोळी लागते तो प्रसंग अडलाय. नायक चांगला धट्टाकट्टा आहे, पण कण्हायला लागला की दाढदुखीचं वाटतं. दिग्दर्शकाने त्याच्याकडून छत्तीस वेळा करून घेतलं. मग मलाही करायला लावलं. नरड्याला ओला रुमाल आवळून केलं, उशीत तोंड खुपसून केलं. आमचा रेकॉर्डिस्ट (सगळे त्याला कानसेन म्हणतात, तो कमी बोलतो आणि जास्त ऐकतो) काचेपलीकडून नुसती मान हलवत होता.

माहिती खात्याचे अधिकारी आले होते. बारीक, नीटस, खिशाला दोन पेनं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "ह्या सिनेमात तोफा नसल्या तरी चालेल, पण हा एक आवाज पाहिजे. माणसाला दुसऱ्याचं दुखणं ऐकू आलं ना, की तो प्रश्न विचारत नाही."

मला ते वाक्य त्या वेळी फार हुशारीचं वाटलं होतं. वहीतही उतरवून घेतलं.

२० फेब्रुवारी

ह्यांचा तो आवाज डोक्यातून जात नाही. छे, असलं काही करायचं नाही.

२३ फेब्रुवारी

आतल्या दाराची फेल्टची पट्टी तशीही निघायला आली होती. दोन खिळे ढिलेच होते. ती बदलायला म्हणून मी सकाळी काढली, आणि नवी पट्टी आणायची राहून गेली.

हे सुट्टी म्हणून घरीच होते, खिडकीपाशी बसून पुठ्ठ्यावर कापड चढवत होते. रेकॉर्डर माझ्या पर्समध्ये असतोच, तो कुठे मी मुद्दाम आणला नव्हता. पर्स त्यांच्या मागच्या स्टुलावर होती. तो मी चालू केला, हेही लिहून ठेवते.

दार मी आपटलं. उगाच शब्दांचे खेळ कशाला, मीच आपटलं, दोन्ही हातांनी, जीव खाऊन.

ह्यांच्या हातातून पुठ्ठा पडला. तो आवाज आला. ह्या वेळी नेहमीपेक्षा लांब होता. मी दाराआड उभी राहून सेकंद मोजत होते. बायको म्हणून पळत जायला हवं होतं, आणि मी मोजत होते.

"कोण होतं?" हे म्हणाले.

"वारा आला हो. पट्टी काढलीय ना, म्हणून आपटलं."

ह्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हं," म्हणाले आणि पुठ्ठा उचलायला वाकले.

संध्याकाळच्या आत नवी पट्टी आणून लावली. चार खिळे जास्तीचे मारले.

२४ फेब्रुवारी

स्टुडिओत वाजवला. दिग्दर्शक खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता. नायक म्हणाला, "बाप रे," आणि पाणी प्यायला बाहेर गेला.

कानसेनने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "कुणाचा?"

"माझाच," मी म्हटलं. "रात्री प्रयोग करत बसले होते."

"तुमचा?"

"हो. का?"

"काही नाही," तो म्हणाला. "खोली मोठी वाटते. घराची."

दिग्दर्शकाने माझे दोन्ही हात धरले. सत्तावीस वर्षांत माझे हात कुणी असे धरले नव्हते. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. घरी येताना ह्यांच्यासाठी चांगल्यापैकी बूट घेतले. हे म्हणाले, "जुने चालताहेत की अजून." तरी घालून पाहिले.

११ मार्च

कप्तानांना सिनेमा दाखवला. आम्हा कामगारांना मागच्या रांगेत बसवलं होतं. गोळीच्या प्रसंगाला त्यांचा हात आपसूक खांद्यावर गेला. दिवे लागल्यावर बराच वेळ ते उठले नाहीत. मग मागे वळून म्हणाले, "अगदी असाच. माझ्या तोंडून अगदी असाच निघाला होता. हे तुम्हाला कसं कळलं?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कप्तानांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मला वाटलं होतं ते नाटक करत असतील. नव्हते.

२ एप्रिल

सिनेमा लागून आठवडा झाला. तिकिटं मिळत नाहीत. आजपासून खात्याने गाड्या फिरवायला सुरुवात केली आहे, वर दोन कर्णे, मागे कप्तानांचा मोठा फोटो. आधी शांतता, मग तो आवाज, मग एक भारदस्त माणूस विचारतो, "त्यांनी सोसलं. तुम्ही काय करणार?" त्याच गाडीत मताचाही प्रचार आणि सैन्यभरतीचाही. एका दगडात दोन पक्षी.

दुपारी गाडी आमच्या खिडकीखाली, सिग्नलला थांबली. हे पुस्तकं चिकटवायची खळ ढवळत होते. मी स्वयंपाकघरातून नुसती बघत राहिले. आवाज झाला. हे दचकले नाहीत. ढवळायचं थांबवलं, चमचा वाटीच्या कडेला नीट टेकवून ठेवला, उठून खिडकी लावली आणि परत येऊन बसले.

"ह्या गाड्या रोज येणार का?" त्यांनी विचारलं.

"निवडणुकीपर्यंत," मी म्हटलं.

ह्यांनी पुन्हा चमचा हातात घेतला. आवाज ओळखला नसावा. स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून ओळखू येत नाही, हे मी धंद्यात शेकडो वेळा पाहिलंय.

९ एप्रिल

आज माझ्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं, अगदी चुकून. घरभर घणघणलं. मी ह्यांच्याकडे धावले. आवाज आलाच नाही! ह्यांनी फक्त उजव्या हाताचा तळवा स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता. ताट गरगरायचं थांबेपर्यंत तसेच बसून राहिले.

सोळा वर्षांत पहिल्यांदाच असं झालं. नणंदेला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "काळ हेच औषध, वहिनी." हे बरे होत असतील, तर माझ्या मनावरचा धोंडा थोडा तरी हलका होईल.

१४ एप्रिल

हे दुपारच्या खेळाला एकटेच जाऊन आले. मला सांगितलंही नव्हतं. मी कोबी चिरत होते. हे बूट न काढताच आत आले आणि समोरच्या खुर्चीवर बसले.

"त्या दिवशी खिडकी बंद होती," म्हणाले.

मी सुरी खाली ठेवली.

"वारा कुठून येणार? मी तेव्हाच पाहिलं होतं. म्हटलं, तुझं काहीतरी कामाचं असेल."

रागावले असते तर सोपं गेलं असतं. मी सगळं सांगून टाकलं, छत्तीस टेक, फेल्टची पट्टी, स्टुलावरची पर्स. सांगताना मध्येच म्हणून गेले, "पण बघा ना, लाखो लोकांनी ऐकला तुमचा आवाज." तोंडातून निघाल्यावर जीभ हासडून टाकावीशी वाटली.

"माझा नाहीये तो," हे म्हणाले.

मला वाटलं, सिनेमातला ओळखला नाही. पण ते पुढे बोलत राहिले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आमची तुकडी मागे हटली आणि मी शेताच्या एका कोरड्या पाटात उडी टाकली. तो आधीच तिथे पडला होता. त्यांच्या बाजूचा. पोटात गोळी. आमच्यापैकीच कुणाची असणार, माझीसुद्धा असेल. वरच्या रस्त्याने त्याची माणसं ये-जा करत होती. तो ओरडला असता तर मी संपलो असतो. म्हणून मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत."

हे उजव्या हाताकडे बघत होते. दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसे.

"चावला नाही गं तो. चावता आलं असतं त्याला. पुढे पुढे तर त्याने माझं मनगट धरून ठेवलं होतं. हात काढायला की ठेवायला, ते मला अजून कळलेलं नाही. त्याचा आवाज असा हातातून वर आला, आणि मग राहिलाच. एवढंसं काही पडलं की निघायचा. माझ्या आवाजासारखा आहे का तो? मी असा ओरडेन का?"

मी उठून त्यांच्याजवळ गेले. जवळ घ्यावं की नाही, कळेना. शेवटी त्यांचे बूट काढले.

थोड्या वेळाने हे स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "थिएटरबाहेर भरतीचं टेबल मांडलंय. रांग रस्त्यापर्यंत आहे. त्याच्या आवाजावर."

१५ एप्रिल

सकाळीच दिग्दर्शकाला गाठलं. तो आवाज काढा, म्हटलं, गाड्यांवरचा तरी काढा.

"ताई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"तो मी केलेला नाही. माझ्या नवऱ्याचा आहे. न विचारता घेतला."

"म्हणजे... तुमचे मिस्टर लढाईत होते?"

"होते."

तो टुणकन उठला. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! खऱ्या सैनिकाचा आवाज! हे तर सोन्याहून पिवळं झालं!"

मी हात जोडले, कुणाला सांगू नका म्हटलं. "नाही हो सांगत," म्हणाला, पण माझ्यासमोरच फोनकडे हात गेला त्याचा. त्या पाटातल्या माणसाबद्दल मात्र एक अक्षरही बोलले नाही. कानसेन दारात उभा होता. जाताना हळूच म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. मी तरी कुठे बोललो?"

विहिरीतला बेडूक काढायला गेले आणि बादलीही आत सोडून आले, तशी गत.

१९ एप्रिल

अधिकारी घरी आले. बरोबर फोटोवाला आणि पुष्पगुच्छ. कालच निरोप आला होता. मला वाटलं हे दार उघडणार नाहीत, पण ह्यांनी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बाह्यांची बटणं लावली. मी मनात म्हटलं, चला, फोटो काढू देतील आणि विषय मिटेल.

अधिकाऱ्यांनी हात पुढे केला. "तुम्ही इतके दिवस पडद्याआड राहिलात. देशाला तुमचा आवाज..."

"तो आवाज माझा नाही," हे म्हणाले. "बसा तुम्ही. कुणाचा आहे ते सांगतो. मला सांगायचंच होतं. तो..."

"माझा आहे!" मी मध्येच म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले, ह्यांचा हात घट्ट दाबून धरला आणि बोलत सुटले. "मीच केलाय साहेब, नरड्याला रुमाल आवळून. दिग्दर्शकांचा काहीतरी गैरसमज झाला. हे लढाईत होते, पण सामानाच्या गाडीवर. ह्यांना कुठलं काय माहीत! तब्येतही बरी नसते."

अधिकारी दोन क्षण ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हसले. त्यांनाही ते सोयीचंच वाटलं असावं. पुष्पगुच्छ माझ्या हातात आला, फोटो माझा निघाला.

ते गेल्यावर ह्यांनी बाह्यांची बटणं काढली, बाह्या दुमडल्या आणि खळ ढवळायला घेतली.

मी दुसरं काय करणार होते? शत्रूचा आवाज प्रमुखांच्या तोंडी, आणि तोही निवडणुकीच्या दहा दिवस आधी! ह्यांना त्याच पावली उचलून नेलं असतं. मी ह्यांना वाचवलं. हे मी आज चारदा स्वतःला सांगितलंय, आणि दर वेळी आणखी थोडं मोठ्याने सांगावं लागतंय.

२१ एप्रिल

हे त्यांच्या बहिणीकडे राहायला गेले. एक पिशवी, दाभण, दोरा. नवे बूट इथेच आहेत.

नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादा म्हणतोय थोडे दिवस राहतो. भांडलात का?"

"नाही हो, वन्सं."

"मग काय झालं?"

डाळ उतू जातेय म्हणाले आणि फोन ठेवला.

६ मे

कप्तान निवडून आले, पूर्वीपेक्षा जास्त मतांनी. सरहद्दीवर परवा खरीच लढाई सुरू झाली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेचा धाकटा भाऊ पहिल्याच दिवशी मारला गेला. भरतीच्या रांगेत होता म्हणे. जिन्यात भेटली तेव्हा मला म्हणाली, "तुमचा सिनेमा त्याने तीनदा पाहिला, काकू." अभिमानाने म्हणाली, की कसं, ते मी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. जिना उतरत राहिले.

१८ मे

उत्कृष्ट ध्वनीसाठी मला बक्षीस. कप्तानांच्या हस्ते. जायचं नाही असं ठरवलं होतं. मग ठरवलं, जायचं, आणि समोर माईक असेल तेव्हा खरं ते सांगून टाकायचं. सकाळपासून वाक्यं घोकली. साडीची इस्त्री करतानाही घोकत होते.

स्टेजवर कप्तान माझ्या कानाशी वाकले. जवळून ते फार थकलेले दिसतात. म्हणाले, "बाई, तो आवाज ऐकल्यापासून मला झोप नाही. इतकी वर्षं मी विसरलो होतो." माझ्या नवऱ्याच्या तळहातातला आवाज ह्या माणसाने स्वतःची आठवण म्हणून घरी नेला होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. दोन पावलांवर माईक होता.

मी म्हटलं, "धन्यवाद."

बस्स. सभागृहात तीन हजार माणसं होती आणि मी "धन्यवाद" म्हटलं.

२५ मे

स्टुडिओत कळवलं की येणार नाही. दुसऱ्या लढाईच्या सिनेमाची तयारी सुरू झाली आहे, ही लढाई संपायच्या आत. दिग्दर्शक म्हणाला, "तुमच्याशिवाय कोण करणार, ताई?" कोणीही करेल. तो आवाज आता त्यांच्याकडे आहे, हवा तितक्यांदा वाजवता येतो.

२ जून

नणंदेकडे गेले. न बोलावता गेले. पर्स घरीच ठेवली होती, रिकाम्या हातांनी दारात उभी राहिले. हात तरी कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. नणंदेने चहा केला. हे समोर बसले होते. मी विचारलेल्याला ह्यांनी मानेनेच हो-नाही केलं. तासभर बसले. एक शब्द नाही.

निघताना मी मोरीत हात धुवायला गेले, तर हे मागून आले. नळाखाली बादली सरकवली आणि नळ पूर्ण सोडला. प्लास्टिकची रिकामी बादली, एवढा आवाज झाला की माझ्याच कानठळ्या बसल्या. आणि त्या आवाजात हे बोलायला लागले. ओठ माझ्या कानाजवळ आणून, नेहमीच्या सुरात, जसं काही काल थांबलेलं बोलणं पुढे चालू आहे. बादली भरली तशी नळ बंद केला आणि गप्प झाले.

असल्या पाण्याच्या आवाजात माणसाचा आवाज कुठल्याच यंत्राला नीट धरता येत नाही. माझ्याइतकं हे कुणाला माहीत असणार! बसस्टॉपपर्यंत चालत आले आणि तिथल्या बाकावर बसून राहिले. दोन बस गेल्या.

९ जून

पुन्हा गेले. पुन्हा तसंच. एक बादली.

१६ जून

आजही नळ सोडल्यावरच बोलले. त्या पाटातल्या माणसाबद्दल बोलतात. काय बोलतात ते इथे लिहिणार नाही. इतकं सगळं ह्या वहीत लिहिलं, ते नाही लिहिणार.

बादली भरली. आता नळ बंद होणार म्हणून मी पदर सावरला, निघायच्या तयारीत उभी राहिले. ह्यांनी भरलेली बादली उचलली, सगळं पाणी मोरीत ओतून दिलं, आणि रिकामी बादली परत नळाखाली ठेवली.